झेंडूचा वाफा : एका हंगामाच्या नोंदी

१ मार्च

या हंगामात एकच वाफा आणि त्यात फक्त झेंडू. वाफा चार मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, दिवसाला सहा-सात तास थेट ऊन. मागच्या रांगेत मोठ्या गोंड्याचा उंच आफ्रिकन झेंडू, म्हणजे टॅजेटीस इरेक्टा. पुढे बुटका फ्रेंच झेंडू, म्हणजेच मखमल, टॅजेटीस पॅटुला. एका टोकाला या दोघांच्या संकरातून आलेल्या ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या जातीची थोडी रोपं. सगळ्यांचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका, त्यामुळे ऊब हवीच, गारठा अजिबात चालत नाही.

झेंडू एका हंगामाचं झाड. पेरणीपासून बी पिकेपर्यंतचं सगळं आयुष्य तो काही महिन्यांत उरकतो, आणि बी तयार झालं की फुलायचं त्याला कारण उरत नाही. आपल्याला मात्र हवी असतात फुलं, तीही महिनोन्‌महिने. म्हणजे हंगामभर करायचं काय, तर त्याला बी धरण्यापासून लांब ठेवायचं. शेंडा खुडणं, उतरलेली फुलं काढणं, खताचा हात आखडता ठेवणं, या सगळ्या कामांच्या मागे तेवढंच आहे. कोणत्या कामाने किती फरक पडतो ते या वाफ्यात जवळून बघायचं आहे.

८ मार्च

पेरणी केली. झेंडूचं बी हातात घेऊन बघण्यासारखं असतं. काळं, सुईसारखं बारीक आणि एका टोकाला वाळल्या गवताच्या रंगाचा ताठ झुपका. खरं तर हे एकेक सुकं फळ आहे, आत एकच बी असलेलं. यंत्राने पेरता यावं म्हणून झुपका कापलेलं बियाणंही मिळतं, पण हाताने पेरताना झुपका सोयीचाच पडतो, चिमटीत नीट धरता येतो.

ट्रेमध्ये कोकोपीट आणि बारीक चाळलेलं गांडूळखत. बी आडवं ठेवून वर अर्धा सेंटीमीटर मिश्रण, त्याहून जास्त नाही. झेंडूला उगवायला अंधार लागतो असं काही नाही. वरचा थर फक्त ओल टिकवण्यासाठी आणि अंकुराचं टरफल मातीत अडकून सुटावं यासाठी. माध्यमाचं तापमान २१ ते २४ अंश असलं की चार ते सात दिवसांत उगवण होते. थंड मिश्रणात बी तसंच पडून राहतं आणि कुजतं.

झेंडू थेट वाफ्यात पेरला तरी चालतो, मखमल तर हमखास येते. ट्रे वापरला तो एवढ्यासाठीच की सगळी रोपं एका वयाची असली तर पुढची तुलना खरी होईल.

१३ मार्च

जवळपास सगळे कप्पे उगवले. ट्रिप्लॉइडच्या कप्प्यांत मात्र विरळ उगवण आहे. या संकरित बियाण्याची उगवणक्षमता मुळातच कमी असते, म्हणून ते आधीच दाट पेरलं होतं.

आता सगळ्यात मोठा धोका रोपमरीचा. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशी मातीच्या पातळीवर खोड गाठतात. सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी बुडातून दबून आडवं होतं, आणि एकदा झालं की त्यावर इलाज नाही. त्यामुळे पाणी खालून, ट्रे उथळ पाण्यात ठेवून, तेही फक्त सकाळी. माध्यमाचा वरचा पापुद्रा दिवसभरात सुकला पाहिजे. अंकुर दिसताच ट्रे उजेडात आणला. अंधारात एक दिवसही जास्त राहिला तर रोपं लांबोडी होतात.

२४ मार्च

खऱ्या पानांची दुसरी जोडी आली. यातलं एक पान तोडून उजेडासमोर धरलं. पिसासारखं कापलेलं पान, प्रत्येक पानिकेची कड दातेरी, आणि कडेलगत ओळीने बारीक ठिपके, ज्यांतून उजेड आरपार येतो. या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि तो उग्र, ओळखीचा वास बोटांवर बसतो. दोन बोटांत चोळलेलं पान धुतल्यावरही बराच वेळ वास सोडत नाही. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी भर उन्हात झेंडूचं बरंच काम हातमोजे घालूनच करावं, रसाने काहींना खाज सुटते.

खालच्या पानांवर तांबूस-काळसर बारीक ठिपके येत नाहीत ना, हे रोज बघतोय. झेंडूच्या रोपांची ही खास तक्रार आहे. माध्यमाचा सामू (pH, आम्लतेचं माप) ६ च्या खाली गेला की लोह आणि मँगनीज गरजेपेक्षा जास्त विरघळतं, रोप ते शोषत राहतं आणि जुन्या पानांवर करपल्यासारखे ठिपके उठतात. बुरशी समजून फवारणी केली तर काहीच उपयोग होत नाही. सामू ६ ते ७ च्या दरम्यान ठेवायचा, एवढंच औषध. ट्रेमध्ये ६.४ आहे, पानं स्वच्छ आहेत.

४ एप्रिल

वाफा तयार केला. आधी निचरा तपासला. फूटभर खड्डा पाण्याने भरून एकदा जिरू दिला, मग पुन्हा भरला. दुसऱ्या वेळचं पाणी दोन-तीन तासांत उतरलं, ठीक आहे. झेंडू निकस मातीत येतो, दगडगोट्यांत येतो, पण मुळाशी पाणी साचलेलं त्याला सोसत नाही.

चांगलं कुजलेलं कंपोस्ट दोन बोटं पसरून वरच्या थरात मिसळलं. बस. इथे उदारपणा करायचा नाही. नत्र जास्त झालं की झाड गर्द हिरवं, गुबगुबीत, बघायला छान होतं आणि फुलायचं लांबवतं. खोडही मऊ राहतं, वाऱ्यात मोडतं.

१० एप्रिल

रात्रीचं तापमान आता १० अंशांच्या वर स्थिर झालंय. रोपं आठवडाभर बाहेर ठेवून उन्हाला सरावली आहेत. लावणी केली.

अंतर : उंच जात ४० सेंटीमीटर, मखमल २०, ट्रिप्लॉइड ३०. पहिले काही आठवडे वाफा रिकामा वाटणार, पण वारा खेळायला जागा हवी. पुढे पावसाळी हवेत तीच जागा झाड वाचवते.

उंच जातीची रोपं पहिल्या पानजोडीपर्यंत खोल लावली. ज्या रोपांचं खोड थोडं लांबलं होतं त्यांच्या बुडाशी बारीक फुगवटे दिसतात, मातीचा स्पर्श झाला की तिथूनच मुळं फुटतात. सगळ्याच फुलझाडांशी असं वागून चालत नाही, कित्येकांचं खोड पुरल्यावर सडतं. झेंडूचं मात्र बूड यामुळे पक्कं होतं.

संध्याकाळी उजेड गेल्यावर गोगलगायी वेचल्या. कोवळी रोपं त्या एका रात्रीत खुंटापर्यंत खातात. पहिले दोन आठवडे हा फेरा रोजचा.

२७ एप्रिल

शेंडा खुडणी. उंच रांगेतली झाडं वीतभर झाली आहेत. रांगेची डावी अर्धी बाजू खुडली, उजवी तशीच सोडली. खुडताना चौथ्या पानजोडीच्या वरचा कोवळा शेंडा नखाने तोडायचा. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब जातो आणि प्रत्येक बगलेतून फांदी निघते.

मखमलीला हात लावला नाही. ती बुडापासूनच फांद्या काढते, खुडून फक्त उशीर होतो.

१४ मे

मखमलीत कळ्या, काहींत रंगही दिसतोय. उंच रांगेत न खुडलेल्या झाडांच्या टोकाला एकेक कळी, खुडलेल्या बाजूला अजून काही नाही.

उंच झेंडूला दिवसाची लांबी कळते. दिवस बारा तासांहून लहान असला की तो लवकर कळी धरतो, दिवस मोठा होत जाईल तसा उंची वाढवत बसतो आणि फुलायला वेळ लावतो. मोठ्या प्रमाणावर रोपं तयार करणारे म्हणूनच कोवळ्या रोपांवर रोज काही तास काळं कापड टाकून दिवस मुद्दाम लहान करतात. मखमलीला दिवसाच्या लांबीचं फारसं देणंघेणं नाही. आता दिवस वाढताहेत, त्यामुळे मागच्या रांगेकडून घाई अपेक्षित नाही.

३१ मे

न खुडलेल्या झाडांवर पहिली फुलं उमलली. मोठी, भरदार, झाडावर एक किंवा दोन.

एक फूल उभं चिरून बघितलं. ज्याला आपण एक फूल म्हणतो ती शेकडो बारीक फुलांची वसाहत आहे. प्रत्येक पाकळी म्हणजे स्वतंत्र फूल, तिच्या बुडाशी तिचं स्वतःचं बीजांड. सगळ्यांना धरून ठेवणारा खालचा हिरवा पेला अनेक पत्रकं एकमेकांना जुळून झालेला, आणि त्याच्यावरही पानांसारख्याच तेलाच्या ग्रंथी. मोठ्या गोंड्याच्या जातीत मधल्या नळीदार फुलांचंही पाकळ्यांत रूपांतर झालेलं असतं, म्हणून गोंडा भरलेला दिसतो. मधमाश्यांना अशा भरगच्च गोंड्यांत पराग आणि मध सहज सापडत नाही. त्या साध्या, एकेरी मखमलीवर जास्त दिसतात. म्हणूनच पुढच्या कडेला एकेरी जात आहे, वाफ्यावर माशा-फुलपाखरांची वर्दळ हवी.

१८ जून

खुडलेली बाजू आता पुढे गेली. सुरुवातीला दोनेक आठवडे मागे होती. फुलं थोडी लहान, पण एकेका झाडावर न खुडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि झाड बुटकं, रुंद, आधाराशिवाय उभं. न खुडलेली झाडं उंच, फुलांच्या भाराने एका बाजूला कललेली. मोठ्यात मोठं एकच फूल हवं असेल तर खुडू नये. वाफ्यासाठी निकाल स्पष्ट आहे.

आजपासून नेमाने फुलं काढणं सुरू. या कामाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्या हंगामाचा भार यावर आहे आणि ते अर्धवट केलं जातं.

नुसत्या सुकलेल्या पाकळ्या उपटून भागत नाही. पाकळ्या गेल्या तरी हिरव्या पेल्यात बी वाढतच राहतं, आणि झाडाची साखर, नत्र, स्फुरद तिकडेच जातं. पेला काढायचा, देठासकट. उंच झेंडूचा देठ फुलाखाली फुगीर आणि पोकळ होत गेलेला असतो. तिथे तोडलं तर उरलेल्या नळीत पाणी साचून सड खाली उतरते. म्हणून पहिल्या धडधाकट पानजोडीपर्यंत खाली यायचं, जिथे बगलेत नवा कोंब दिसतो, आणि त्याच्या लगेच वर कापायचं. तोच कोंब पुढच्या फुलाची फांदी होतो.

घाईत कळी आणि उतरलेलं फूल यांत गल्लत होते, मखमलीत जास्तच. कळी वरून चपटी किंवा गोल, दाबली तर टणक. उतरलेलं फूल टोकाकडे निमुळतं, मिटलेलं, दाबलं तर पोकळ आणि मऊ. बोटांना हा फरक चटकन कळायला लागतो, मग बघावंही लागत नाही.

आठवड्यातून दोनदा पुरतं. उशीर झाला तर पेला फुगतो, हिरव्याचा पिवळट होतो, आणि जवळच्या फांद्यांवर नव्या कळ्या येणं मंदावतं. वाफ्याच्या उजव्या टोकाची दोन झाडं मुद्दाम न तोडता ठेवली आहेत. फरक डोळ्यांनी दिसला पाहिजे.

६ जुलै

कडक ऊन, हवा कोरडी. मखमलीच्या काही पानांवर फिकट टाचणीएवढे ठिपके. पांढरा कागद खाली धरून फांदी झटकली, कागदावर पडलेले बारीक कण चालायला लागले. लाल कोळी. उष्ण, कोरड्या हवेत त्याची पिढी आठवडाभरात पूर्ण होते, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर जोराचा पाण्याचा फवारा, सलग काही दिवस. जाळी धरलेली पानं तोडून वाफ्याबाहेर टाकली. सरसकट कीटकनाशक मारायचं नाही, कोळ्यांना खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि कोळी दुप्पट होऊन येतात.

पाणी बुडाशीच, आठवड्यातून दोनदा पण खोलवर. वाफसा आल्याशिवाय पुढचं पाणी नाही. जमिनीवर वाळक्या गवताचं आच्छादन टाकलं, खोडापासून चार बोटं लांब.

२३ जुलै

न तोडलेल्या दोन झाडांवर तपकिरी बोंडंच बोंडं, नवी कळी शोधावी लागते. शेजारचं झाड फुलांनी भरलेलं आहे. दोन्ही एकाच दिवशी पेरलेली, एकाच मातीतली.

उष्णतेत मखमल थबकली आहे. पानं निरोगी, पण कळ्या कमी आणि फुलं बारीक. तापमान सतत तिशीच्या वर राहिलं की असं होतं, गारवा आला की ती परत फुलते. जास्त खत घालून तिला ढोसायचं नाही.

टोकाची ट्रिप्लॉइड रोपं मात्र थांबलेलीच नाहीत. कारण त्यांच्या गुणसूत्रांत आहे. उंच झेंडूत २४ गुणसूत्रं, मखमलीत ४८. संकरात दोघांकडून निम्मी येऊन ३६ होतात. हे तीन संच जोड्या लावून नीट वाटले जात नाहीत, त्यामुळे बी धरतच नाही. जे काम इतर झाडांवर मी कात्रीने करतो, ते इथे झाडाच्या घडणीतच झालेलं आहे. सुकलेली फुलं दिसायला बरी म्हणून काढायची, फुलण्यासाठी त्याची गरज नाही. ज्यांना आठवड्यातून दोनदा वाफ्यात उतरायला जमत नाही त्यांनी हीच जात लावावी, बियाणं महाग आणि उगवण विरळ असली तरी.

१५ ऑगस्ट

सलग पाऊस. मोठे गोंडे पाणी धरून ठेवतात आणि आतून सडतात. वरून फूल ताजं दिसतं, पण मध्यभागी बोट घातलं की तपकिरी चिखल. एक-दोनवर करडी लव, ही बोट्रायटिस बुरशी. अशी फुलं कोरड्या वेळेत काढून थेट बाहेर नेली, वाफ्यात टाकली नाहीत. खालच्या, जमिनीला टेकणाऱ्या पानांवर काळपट डाग आहेत, अल्टरनेरिया बुरशीचा करपा. तेवढी पानं खुडली. न खुडलेल्या उंच झाडांना काठ्यांचा आधार द्यावा लागला, खुडलेल्या बाजूला गरज पडली नाही.

एका झाडाची फुलं हिरवट, पाकळ्यांच्या जागी पानांसारखे झुपके. झाड मुळासकट उपटलं. ही फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्म रोगजंतूची बाधा, तुडतुडे ती एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. झाड बरं होत नाही, आणि ठेवलं तर शेजारच्यांनाही लागण होते.

पाऊस थांबल्यावर उंच रांगेच्या लांबलेल्या फांद्या एक तृतीयांश छाटल्या आणि बुडाशी मूठ-मूठ कंपोस्ट दिलं. दिवस लहान व्हायला लागलेत, छाटणीची वेळ तीच.

२० सप्टेंबर

उंच झेंडूचा दुसरा बहर. दिवस बारा तासांवर आलाय आणि छाटलेल्या फांद्यांच्या प्रत्येक टोकाला कळी आहे, उन्हाळ्यात कधी नव्हत्या एवढ्या. झाडं उंच जाण्याऐवजी सरळ फुलताहेत. मखमलही गारव्यात पुन्हा भरली. सगळा वाफा एकाच वेळी फुललेला असण्याची हंगामातली ही पहिलीच वेळ, बघून फार समाधान वाटतं.

पुढच्या हंगामात उंच जातीची अर्धी पेरणी उशिरा, म्हणजे जूनअखेरीस करणार. ती झाडं लहान होत जाणाऱ्या दिवसांतच वाढतील, बुटकी राहतील आणि मार्चच्या झाडांइतका वेळ घेणार नाहीत.

८ ऑक्टोबर

बियांसाठी झाडं निवडली आणि लाल दोरा बांधला. या झाडांवरची फुलं आता काढायची नाहीत. फक्त सरळ वाणाची मखमल निवडली आहे. उंच रांग एफ-वन, म्हणजे पहिल्या पिढीची संकरित आहे, तिच्या बियांतून येणारी झाडं उंचीला, रंगाला, गोंड्याला वेगवेगळी निघतील. त्या संकरित बियाण्यासाठी पाकळ्या नसलेली, परागहीन मादी झाडं लागतात. मादी ओळीत प्रत्येक वेळी सुमारे निम्मी झाडं सुपीक निघतात आणि ती हाताने उपटावी लागतात, किंमत त्यामुळेच चढते.

निवड करताना एकच चांगलं फूल बघून भुलायचं नाही, पूर्ण झाड बघायचं : पावसात कोण टिकलं, उन्हाळ्यात कोण सगळ्यात कमी थांबलं. चिकाटीने निवड केली तर काय होतं याचं उदाहरण झेंडूतच आहे. डेव्हिड बर्पी या अमेरिकी बियाणे व्यावसायिकाने १९५४ साली शुभ्र पांढऱ्या झेंडूसाठी १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. झेंडूचा पिवळा-केशरी रंग ल्युटीनसारख्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्याचा, तो पूर्ण घालवणं सोपं नव्हतं. १९७५ साली ते बक्षीस आयोवातल्या ॲलिस व्हॉन्क या हौशी बागकाम करणाऱ्या बाईंना मिळालं. फिकटात फिकट फुलाचं बी राखायचं आणि तेच पुन्हा पेरायचं, एवढीच त्यांची पद्धत होती.

३० ऑक्टोबर

कोरड्या दुपारी बोंडं काढली. पेला पूर्ण तपकिरी, देठही सुकलेला हवा. पाकळ्यांचा सुका झुपका चिमटीत धरून ओढला की बियांची जुडी अख्खी बाहेर येते. बी काळं आणि ताठ तर भरलेलं. फिकट, चपटं, वाकणारं असेल तर पोचट, ते टाकून दिलं. भरगच्च गोंड्यांत पोचट बी बरंच निघतं. कागदावर सावलीत आठवडाभर पसरून, मग कागदी पाकिटात, वाण आणि तारीख लिहून. कोरड्या, थंड जागी दोन-तीन वर्षं चांगलं उगवतं.

वाफा मोकळा करताना झाडं उपटली नाहीत. जमिनीलगत कापली, मुळं आतच ठेवली, निरोगी पाला बारीक करून मातीत मिसळला. बुरशीचे डाग असलेला पाला वेगळा काढला.

झेंडूच्या मुळांचा एक गुण नीट समजून घ्यायला हवा. झेंडूतलं अल्फा-टरथायनिल हे द्रव्य १९४७ साली वेगळं करण्यात आलं, आणि ते सूत्रकृमींना, म्हणजे मातीतल्या, मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म कृमींना मारतं हे १९५८ साली दाखवलं गेलं. पण भाजीच्या वाफ्याच्या कडेला चार झेंडू लावले की सूत्रकृमी पळाले, असं होत नाही. परिणाम मुख्यतः जिवंत मुळाच्या आत होतो, म्हणजे कृमी मुळात शिरला तर. त्यासाठी सगळी जमीन दाट झेंडूने दोन-तीन महिने व्यापलेली हवी आणि तण नको, कारण सूत्रकृमी तणांवर जगतात. शिवाय मूळव्रण, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींच्या सगळ्या जातींवर प्रत्येक झेंडू सारखा चालत नाही, मखमल साधारणपणे जास्त भरवशाची.

या वाफ्यात मखमल दाट होती आणि तण हंगामभर काढलेलं आहे. पुढच्या मोसमात मखमलीच्या अर्ध्या भागात टोमॅटो लावणार आणि बाजूच्या, झेंडू न लावलेल्या वाफ्यातही त्याच वयाची रोपं. हंगाम संपल्यावर दोन्हीकडची मुळं धुऊन गाठी मोजायच्या. त्याची नोंदवही वेगळी ठेवेन.